कापूस वेचताना नाकातली चमकी पडली. भोक बुजेल का?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाक टोचून तीन महिने झालेत, काल वेचणीवरून घरी येऊन आरशात पाहिलं तर चमकी नाही. सोनार तालुक्याला, बाजाराला अजून चार दिवस. तोवर भोक बुजेल का, चमकी शोधायची कशी आणि सासूबाईंना सांगायचं काय.

बुजेल. चार दिवस नाक रिकामं ठेवलं तर बहुतेक बुजेलच. कानाची पाळी सहा-आठ आठवड्यांत बरी होते, नाकपुडीला चार ते सहा महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तीन महिन्यांचं भोक वरून कोरडं दिसलं तरी आतून कच्चं असतं आणि काही तासांतच आकसायला लागतं. आतलं तोंड आधी मिटतं, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, आहे की भोक! सोनं चार दिवसांनीही सोनंच राहील. शोध नंतर घ्या, आधी नाकात काहीतरी जाऊ द्या.

हे मी शहाणपणाने नाही, उलटं करून शिकले. मी यवतमाळ जिल्ह्यातली. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात माझी फुली (आमच्या घरी चमकीला फुलीच म्हणतात) अशीच सांडली. दिवस मावळेपर्यंत पऱ्हाटीच्या ओळी धुंडाळल्या. रात्री आजेसासूने पाहिलं, "काऊन वं, नाकातली फुली कुठी गेली?" आणि फड्याची, म्हणजे झाडूची, एक काडी मोडून भोकात घातली. भोक राहिलं, पण तिसऱ्या दिवशी नाक टरारून सुजलं. काडीचं एक टोक आत तुटून राहिलं होतं. ते काढायला दवाखाना, वर धनुर्वाताचं इंजेक्शन. कडुलिंबाची काडी त्यापेक्षा बरी, असं सगळ्या म्हाताऱ्या सांगतात. पण काडी कशाचीही असो, ओलीने फुगते, सुकली की तुटते, आणि तिचं टोक गुळगुळीत नसतं. कच्च्या भोकात मी तरी आता घालणार नाही.

मग काय घालायचं? घरातल्या कुणाची जुनी सोन्याची फुली मिळाली तर उत्तम. तिची दांडी तुमच्या चमकीपेक्षा जाड नको. साबणाने घासा, पाच-दहा मिनिटं पाण्यात उकळा, निवू द्या. हात धुऊन, कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर घालून पाहा. कातडी तेव्हा मऊ असते. दांडी ओली ठेवा, हळूच फिरवत न्या. अडली तर एकदा आतल्या बाजूने टोक लावून वाट उघडते का ते पाहा. तरीही जात नसेल तर जोर करू नका. रक्त काढून भोक राखण्यापेक्षा पुन्हा टोचलेलं बरं. सोनारानेच कान टोचावे असं आपण कुणाला सुनवायचं झालं की म्हणतो, पण इथे ते शब्दशः खरं आहे. फक्त सुई नवी आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. यात्रेतली दहा रुपयांची चमकी मात्र चार दिवसांसाठीसुद्धा नको. तिच्यात बहुधा निकेल असतं, आणि कच्च्या जागेला त्याची खाज सुटली की मग बोट सारखं तिथेच जातं.

धुवायला मेडिकलमधली नॉर्मल सलाईनची बाटली आणा. नाहीच मिळाली तर पेलाभर उकळून निवलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ. स्पिरिट नको, हळद-तेलाचा लेपही नको. तो आत बसतो आणि त्यावर धूळ चिकटते.

आता शोध. चमकी कुठे पडली हे ठरवायला ती कशी पडली ते आठवा. वेचणीला आपण लुगड्यावर घरच्या माणसाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतो. तो डोक्यावरून काढताना नाकाला अडकला होता का? माझ्या ओळखीतल्या तिघींच्या फुल्या अशाच गेल्या, शेतात नाही, घरी न्हाणीपाशी. म्हणून आधी शर्ट झटका, मग दुपट्टा, ओटीच्या कापडाच्या घड्या, अंथरूण. घर झाडू नका आणि सारवू तर मुळीच नका. रात्री दिवे बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. खडा असेल तर चमकतो, नसेल तर लांब सावली पडते. कापूस अजून घरात असेल तर तो मूठमूठ चादरीवर मोकळा करा आणि तळाचा कचरा वेगळा ठेवा, कारण सोनं वजनदार, हलवाहलवीत खाली जातं. तो कचरा आणि अंगणातली झाडलोट सुपात घेऊन पाखडा. धूळ, पाचोळा पुढे उडतो, जड ते मागे राहतं. सोनाराच्या गल्लीतली माती धुऊन सोनं काढणारे झारेकरी वजनाच्या याच फरकावर पोट भरायचे. मुलं लोहचुंबक घेऊन येतील, त्यांना खेळू द्या. सोनं त्याला चिकटत नाही.

फिरकी नाकाच्या आत गळाली असेल असा संशय असेल तर जोरात श्वास ओढू नका आणि चिमटा घालू नका. मान पुढे वाकवून दुसरी नाकपुडी दाबा आणि हलकं शिंकरा. त्यानंतर खोकला थांबत नसेल किंवा छातीत घरघर वाटली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. धातू एक्स-रेमध्ये दिसतो.

आणि नाक लाल, गरम, पू येतोय असं झालं तर घातलेला दागिना घाईने काढू नका. वरून भोक मिटतं आणि पू आत अडकतो. डॉक्टरांना दागिन्यासकट दाखवा. कानाच्या वरच्या कडक भागाला असं झालं तर एक दिवसही थांबू नये, तिथली कूर्चा खराब झाली की कान वाकडा होतो.

बाजाराला जाल तेव्हा नवी चमकी घेण्याआधी एक गोष्ट. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. माझी फुली दोन गुंजांची, म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम, त्यामुळे शिक्का नव्हता आणि मला वाटलं सोनाराने फसवलं. फसवलं नव्हतं. पण शिक्का नसेल तर बिलावर कॅरेट आणि वजन लिहून घ्या. फिरकी दोन-तीन वेळा लावून-काढून पाहा. शेवटच्या आट्याला ती घट्ट बसली पाहिजे. जुन्या फुलीचं मळसूत्र झिजलं असेल तर नवीन फिरकीने भागत नाही, दांडीच बदलावी लागते. भोक पक्कं झालं की आमच्याकडच्या बाया दांडीला कापसाच्या दोऱ्याचा एक वेढा देऊन फिरकी कसतात. चालतं, फक्त दोरा महिन्याला बदला.

राहिल्या सासूबाई. आजच सांगा, पण नाकात काहीतरी घालून मग सांगा. सोनं हरवणं अपशकुन असतं हे ऐकावं लागेल, मलाही लागलं. माझी सासू दोन दिवस नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून आले तेव्हा तिने देव्हाऱ्यामागून कुंकवाची जुनी डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. आत तीन फुल्या होत्या, तीन वेगवेगळ्या खड्यांच्या. फिरकी एकीलाही नव्हती.