शेजारच्या घरात पडायचं का?

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. वरच्या मजल्यावरची पोरगी रोज मार खाती, आवाज खाली येतो, सगळी बिल्डिंग गप्प. आमचे हे म्हणतात, नवरा-बायकोचं आहे, तू मध्ये पडलीस तर केस आपल्यावरच येईल. खरंय का ओ?

उत्तर : नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 4 बघा, कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारनं नेमलेला अधिकारी) कळवू शकतो आणि चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर ना दिवाणी ना फौजदारी जबाबदारी येत, हे यजमानांना वाचूनच दाखवा. पण आधी तिच्याशी बोला, नवरा कामावर गेल्यावर, जिन्यात नको. तिला सांगा की घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला असं उठून बाहेर काढता येत नाही, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असू दे. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन लागतो. मारहाण चालूच असेल तर मात्र विचारत बसू नका, सरळ 112 वर पोलिसांना फोन.

आणि "घरातलं भांडण" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं, तेही कोल्हापुरात! शाहू महाराजांनी 1919 लाच बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केलेला. जगात साधारण तीनातल्या एका बाईच्या वाट्याला शारीरिक किंवा लैंगिक हिंसा येते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळं तुमच्या जिन्यात ती एकटीच असेल असंही समजू नका.