तुमची पीडी कितीची?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त अमेरिकेच्या ग्रीन कार्डाबद्दल होती, म्हणून म्हटलं एकदाच काय ते बोलून टाकू. मी वकील नाही हे आधीच सांगते, त्याच रांगेत उभी राहून आलेली बाई आहे एवढंच, तेव्हा कागदपत्रांचं काहीही करायच्या आधी आपल्या वकिलाला विचारा. नावं-गावं काढून टाकलीत. नवख्यांसाठी एवढंच: पीडी म्हणजे प्रायॉरिटी डेट, रांगेत आपलं नाव लागलं ती तारीख. ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवरून मिळणाऱ्या कार्डाच्या कॅटेगऱ्या, आय-४८५ म्हणजे खुद्द कार्डासाठीचा शेवटचा अर्ज. आणि सरकार दर महिन्याला प्रत्येक कॅटेगरीची एक डेट काढतं, आपली पीडी तिच्या आधीची असेल तरच कार्ड मिळतं.

पहिलं पत्र: ताई, माझी आणि माझ्या मित्राची पीडी एकाच महिन्यातली, नोव्हेंबर २०१४, ईबी-२. कंपनी एक, वकील एक. ऑक्टोबर २०२० मध्ये दोघांनी ईबी-३ ला डाउनग्रेड करून आय-४८५ भरला, पाकिटं एकाच दिवशी गेली. २०२२ मध्ये दोघांनी परत ईबी-२ ला बदलून घेतलं. त्याला ऑगस्टमध्ये कार्ड आलं. मला मेडिकल परत मागितलं, ते दिलं, तेवढ्यात डेट मागे गेली ती गेलीच. दिवसातून पाच-सहा वेळा स्टेटस बघतो. मित्राकडे जाणं बंद केलंय. बायको म्हणते चिडचिडा झालायस. माझं काही चुकलं का?

काही चुकलं नाही रे. आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये, तेव्हा झालं काय ते बघ. नोकरीवाल्यांसाठी वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, हा आकडा १९९० च्या कायद्यातला. त्यात एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही, म्हणजे भारताला ९८०० च्या आसपास, आणि त्यात बायका-मुलंही मोजायची. दुसऱ्यांचे उरले तर थोडे मिळतात, पण आइसलँडला जेवढी मर्यादा तेवढीच आपल्याला. आता करोनात वकिलाती बंद पडल्या, फॅमिलीवाल्यांचे नंबर वापरलेच गेले नाहीत, ते नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी नोकरीवाल्यांकडे आले आणि दोन वर्षं आकडा दुप्पट झाला, त्यामुळे २०२२ च्या उन्हाळ्यात भारताची ईबी-२ ची डेट १ डिसेंबर २०१४ पर्यंत पळाली. तुम्ही दोघं त्यात बसलात. पण सरकारी वर्ष सप्टेंबरला संपतं म्हणून ऑफिसं त्याच्या आत नंबर संपवायच्या घाईत होती, ज्याची फाइल उघडून पूर्ण सापडली त्याचं काम झालं, ज्याचं मेडिकल जुनं निघालं त्याची बाजूला पडली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ईबी-२ चा वर्षाचा कोटा संपल्याचं जाहीर झालं, ऑक्टोबरमध्ये डेट एप्रिल २०१२ वर आली, डिसेंबरमध्ये ऑक्टोबर २०११ वर. म्हणजे तुझ्या आणि मित्राच्या मध्ये काय होतं तर एका डॉक्टरचा लिफाफा आणि काही आठवडे. आपण याला रांग म्हणतो म्हणून जास्त त्रास होतो, रांगेत मागचा पुढे गेला तर भांडता येतं. इथे भांडणार कुणाशी?

आता मित्राबद्दल. मी त्याच्या जागी होते म्हणून सांगते.

२००७ च्या जुलैत अचानक सगळ्यांच्या डेट करंट झाल्या होत्या, म्हणजे सगळ्यांना अर्ज भरता येणार होता, मग २ जुलैला सांगितलं की नाही, नंबर संपले, घरी जा. आपल्या लोकांनी गांधीगिरी म्हणून इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाला फुलं पाठवली, शेकड्यांनी गुच्छ गेले, ते त्यांनी सैनिकांच्या हॉस्पिटलला धाडले. १७ जुलैला सरकार नमलं आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. मी आणि माझी एक मैत्रीण, दोघींनी त्यातच भरला, आमच्या किचन टेबलवर रात्री दोन वाजेपर्यंत फोटोकॉप्या लावत होतो, तिच्या मुलाने एका फॉर्मवर वरणभात सांडला होता. दोघींची पीडी २००६ ची. पण मी ईबी-२ आणि तिच्या कंपनीच्या वकिलाने तिला ईबी-३ मध्ये टाकलेलं, काम तेच, डिग्री तीच. माझं कार्ड २०११ च्या जुलैत आलं. तिचं २०१७ मध्ये.

कार्ड आलं तेव्हा मी ते रव्याच्या डब्यामागे ठेवलं, खरंच, कारण ती दर शनिवारी यायची आणि तिला दिसायला नको. तीन आठवडे सांगितलं नाही. मग नवऱ्याच्या तोंडून निघालं. ती एक मिनिट गप्प बसली आणि म्हणाली, "अगं मग पेढे कुठेत?" आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आली, मला ऐकू येत होतं. नंतरची सहा वर्षं सोपी नव्हती, मी ग्रीन कार्डाचा ग पण काढायचे नाही आणि तिला त्याचाच राग यायचा, एकदा म्हणालीसुद्धा, मी काय आजारी आहे का. तर तुझा मित्रही बहुतेक असाच अवघडून बसला असणार. फोन तू कर. त्याला सरळ सांग की मला जळजळ होते, पण जेवायला येतो.

आणि ते स्टेटस बघणं. व्हिसा बुलेटिन, म्हणजे तारखांचं ते सरकारी पत्रक, महिन्यातून एकदा येतं, ते बघ, तुझी तारीख आत नसेल तर उरलेला महिना तुझ्या केसमध्ये कार्ड यायची शक्यता शून्य आहे, मग अ‍ॅप उघडून काय करणार, काढून टाक फोनवरून. मेल चालू ठेव म्हणजे झालं, आणि घर बदललंस तर दहा दिवसांत पत्ता कळव, लोक हेच विसरतात. शिवाय तुझ्याकडे ईएडी म्हणजे कामाचा परवाना आहे, एपी म्हणजे बाहेर जाऊन परत यायची परवानगी आहे, ४८५ भरून १८० दिवस केव्हाच झाले, म्हणजे तशाच प्रकारच्या कामासाठी कंपनी बदलता येते. कार्ड नाही म्हणून त्याच बॉसखाली बसलेला असशील तर वकिलाशी बोलून निघ तिथून, चिडचिड अर्धी त्याचीच असेल.

दुसरं पत्र: मी सिटिझनशी लग्न केलंय, १९ महिने झाले अर्ज भरून. माझ्या नंतर भरलेल्या दोघींना कार्ड आलं. वकील म्हणतो वाट बघा.

तुझी गोष्ट वेगळी आहे. सिटिझनच्या नवरा-बायकोला कोटा नाही, नंबर नाही, त्यामुळे हा उशीर कायद्याचा नाही, ऑफिसचा आहे, आणि ऑफिसला विचारता येतं. तुझ्या फील्ड ऑफिसचा प्रोसेसिंग टाइम साइटवर बघ, प्रत्येक ऑफिसचा वेगळा असतो, त्या मैत्रिणी दुसऱ्या शहरातल्या असतील तर उत्तर तिथेच मिळालं. तो काळ उलटला असेल तर केस इन्क्वायरी टाक. मग तुमच्या भागाच्या काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन कर, ते एक सहीचा फॉर्म घेतात आणि चौकशी करतात, फुकट असतं हे, लाजू नकोस. अगदीच नाही तर मँडॅमस म्हणजे फेडरल कोर्टात दावा, त्यात कोर्ट कार्ड देत नाही, निर्णय घ्या एवढंच सांगू शकतं, आणि निर्णय नाहीसुद्धा असू शकतो, म्हणून केस स्वच्छ असेल तरच.

एक मात्र बघून ठेव, जन्मदाखला. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर नावच नसतं. माझ्यावर "स्त्री" एवढंच होतं आणि आईचं नाव माहेरचं. भावाला नगरपालिकेत तीन चकरा माराव्या लागल्या, तिसऱ्यांदा तिथल्या क्लार्कने विचारलं, "ताई तिकडं जाऊन इतकी वर्षं झाली, आत्ता कशाला पाहिजे नाव?" नाव चढवून घे, आणि ते होत नसेल तर अ‍ॅफिडेव्हिट आणि शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेव. आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारं पत्र, आल्यावर धावपळ नको.

तिसरं पत्र: आमची पीडी २०१६, ईबी-२. मुलगी १७ ची झाली, तीन वर्षांची असताना आणली होती. २१ व्या वर्षी ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल असं ऐकलंय. तिला अजून सांगितलेलं नाही. उगाच टेन्शन कशाला द्यायचं असं हिचं म्हणणं.

वहिनींना नमस्कार, पण मला नाही पटत. तिला सांगा, या महिन्यातच.

नियम असा की २१ मोजताना आय-१४०, म्हणजे कंपनीने आपल्यासाठी भरलेला अर्ज, जितके दिवस पेंडिंग होता तेवढे दिवस वयातून वजा होतात. आता गंमत बघा, ज्यांनी जास्तीचे पैसे भरून प्रीमियमने पंधरा दिवसांत १४० पास करून घेतला त्यांचे वजा व्हायला पंधराच दिवस, आणि ज्यांचा वर्षभर रखडला त्यांच्या मुलांना वर्ष मिळालं. उशिराचा फायदा झालेला मी तरी एवढ्या एकाच जागी बघितलाय. बुलेटिनमधल्या दोन तक्त्यांपैकी वयासाठी कोणता धरायचा हेही २०२३ मध्ये बदललं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये परत उलटं केलं, त्यामुळे जुने सल्ले वाचू नका, वकिलाकडून लेखी हिशोब मागा. २०१६ ची ईबी-२ चार वर्षांत येईल यावर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

म्हणजे तुमच्या व्हिसावर मिळालेला तिचा एच-४ संपायच्या आत तिला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागणार, स्वतःच्या नावावर, आणि काही राज्यांत त्याने फी बदलते, म्हणून कॉलेज निवडतानाच हे टेबलावर हवं. तुम्ही लपवलंत आणि तिने मैत्रिणींबरोबर फॉर्म भरताना "सिटिझन की पर्मनंट रेसिडेंट" या चौकोनाशी अडकून गूगल केलं तर? एका घरात हेच झालेलं मी पाहिलंय, पोरगी आई-वडिलांशी महिनाभर बोलत नव्हती, ते व्हिसामुळे नाही, लपवल्यामुळे. कॅनडात पीआरसाठी, म्हणजे तिकडच्या ग्रीन कार्डासाठी, मूल २२ च्या आत असेल तर चालतं, म्हणून बरेच जण तिकडेही अर्ज टाकून ठेवतात. ते करायचं का हेही तिला विचारूनच ठरवा, १७ ची आहे ती.

चौथं पत्र: मी सांगलीहून लिहिते. मुलगा अमेरिकेत आहे, सहा वर्षं आला नाही. म्हणतो आई डेट करंट नाही. शेजारच्यांचा मुलगा पाच वर्षांत कार्ड घेऊन मोकळा झाला. आमचा काही लपवतोय का? त्याच्या बाबांची तब्येत आता बरी नसते.

काकू, तो काही लपवत नाहीये असंच मला वाटतं. हे तारखांचं प्रकरण वर पहिल्या उत्तरात आहे ते वाचा, नाही कळलं तरी चालेल, आमच्यातल्या निम्म्यांना कळत नाही. शेजारच्याचं म्हणाल तर शंभर कारणं असतात, कुणी वरच्या कॅटेगरीत असतो, कुणाची बायको कुवेतला जन्मलेली निघते आणि नवऱ्यालाही तिकडच्या कोट्यातून मिळतं, कारण यात पासपोर्ट नाही, जन्माचा देश बघतात. शेजाऱ्यांना एवढं सांगायची गरज नाही, "काम चालूय" म्हणा आणि चहा ठेवा.

न येण्याचं खरं कारण बहुतेक स्टॅम्पिंग असेल. तो भारतात आला की परत जायच्या आधी मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत किंवा दुसऱ्या शहरातल्या वकिलातीत व्हिसाचा शिक्का घ्यावा लागतो, आणि तो वेळेत मिळेल याची खात्री नाही. डिसेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांचं सोशल मीडिया तपासायचं ठरलं आणि भारतातल्या अपॉइंटमेंट कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या, सुट्टीला आलेले लोक भारतातच अडकले, तिकडे अमेरिकेत घराचा हप्ता चालू, मुलांची शाळा चालू. त्याची भीती खोटी नाही.

पण काकू, बाबांच्या तब्येतीचं त्याला नीट सांगितलंय का तुम्ही? आपण फोनवर "सगळं बरंय" म्हणतो. माझ्या आईनेही म्हटलं होतं, मी ते खरं धरलं, आणि आले तेव्हा उशीर झाला होता, कार्ड तर तेव्हा यायचंच होतं. त्याला रिपोर्ट पाठवा, डॉक्टर काय म्हणाले ते शब्दशः सांगा, मग यायचं की नाही, कंपनीकडून लांबची रजा किंवा भारतातून काम करायची परवानगी मिळते का, हे त्याला ठरवू दे. कार्डासाठी थांबू नका, ते अजून बरीच वर्षं येणार नाही असंच धरून चाला.

आणि बाबांना प्रवास झेपणार असेल तर तुम्हीच जा की. टुरिस्ट व्हिसा मिळाला तर साधारण दहा वर्षांचा मिळतो, मुलाखतीची तारीख लांबची असते म्हणून अर्ज आत्ताच टाका. दोघांचे पासपोर्ट काढून बघा, मुदत संपत आली असेल तर आधी ते नवे करून घ्या.