‘माझे गणित कच्चे आहे, मानसशास्त्रात एम.ए. जमेल का?’

नौपाड्यातील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न वर्षातून दोनदा हमखास येतो. पहिल्यांदा तो प्रवेशाच्या दिवसांत येतो, तेव्हा बरोबर आई किंवा बाबा असतात. दुसऱ्यांदा येतो तो लघुप्रबंध सादर करण्याच्या सुमारास, आणि त्या वेळी विद्यार्थी एकटाच येतो. विचारणारी मुले बहुधा हुशार असतात, त्यांनी पदवीला मानसशास्त्र मनापासून वाचलेले असते, घरातल्या आणि मैत्रीतल्या अडचणी लोक विश्वासाने त्यांनाच सांगत आलेले असतात. आणि तरीही ‘स्टॅट्स’, म्हणजे अभ्यासक्रमातले संख्याशास्त्र, हा शब्द निघाला की त्यांचा चेहरा उतरतो. काही जण या एका पेपरच्या धास्तीने पहिल्या सत्रानंतर अभ्यासक्रम सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून एका विद्यार्थिनीबरोबर झालेले काम तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे. तिला आपण मधुरा म्हणू.

मधुरा ऐरोलीला राहणारी, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. झोप लागत नाही, लॅपटॉप उघडला की छातीत धडधडते आणि गाईडचा फोन आला तरी उचलवत नाही, अशी तिची तक्रार होती. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, “मॅडम, मला माणसं समजून घ्यायची होती, म्हणून मी सायकॉलॉजी घेतली. हे आकडे मध्येच कुठून आले?”

तिचा प्रश्न मला रास्त वाटला, म्हणून मी त्याचे सरळ उत्तर दिले. हे आकडे बाहेरून आलेले नाहीत. चार्ल्स स्पिअरमन हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी. तिशी उलटल्यावर नोकरी सोडून ते जर्मनीत प्रायोगिक मानसशास्त्राचे आद्य शिक्षक विल्हेल्म वुंट यांच्याकडे मानसशास्त्र शिकायला गेले. एका विषयात चमकणारी मुले दुसऱ्या विषयातही का चमकतात, या प्रश्नाचा माग काढताना त्यांना उपलब्ध साधने अपुरी पडली, आणि १९०४ मध्ये त्यांनी घटक विश्लेषणाचा, म्हणजे अनेक गुणांमागचे समान घटक शोधण्याच्या पद्धतीचा, पाया घातला. आज विद्यार्थी जो स्पिअरमनचा क्रमसहसंबंध (दोन गोष्टींचे क्रम एकमेकांशी किती जुळतात याचे माप) घोकतात, तोही त्यांचाच. माणसांविषयीच्या कुतूहलातून संख्याशास्त्राचा केवढा तरी भाग उभा राहिला आहे. आपल्या अभ्यासक्रमात मात्र सूत्र आधी येते आणि ते ज्या प्रश्नासाठी जन्मले तो प्रश्न बहुतेकदा येतच नाही. माझ्या मते निम्मी भीती येथेच तयार होते.

मधुराच्या लघुप्रबंधाचा विषय चांगला होता. रोज लोकलने कामाला जाणाऱ्या ३० आणि घरून काम करणाऱ्या ३० स्त्रियांकडून तिने ताणाची एक प्रचलित प्रश्नावली भरून घेतली होती. त्या प्रश्नावलीचे गुण ० ते ४० असतात. प्रवास करणाऱ्या स्त्रियांची सरासरी ३.१ गुणांनी जास्त आली. दोन सरासरींतला फरक तपासणाऱ्या टी-चाचणीत पी-मूल्य मात्र ०.०९ निघाले. ते ०.०५ पेक्षा कमी असले तरच निष्कर्ष ‘सार्थक’, म्हणजे नुसता योगायोग न मानण्याजोगा, धरण्याची रूढी आहे. मधुराचे अवसान गळाले. वर्गातील कोणी तरी सुचवले होते की तीन-चार फॉर्म ‘काढून टाक’, म्हणजे आकडा ०.०५ च्या खाली येईल. तिने ते केले नव्हते, पण करावे की काय या विचाराने रात्री जागून काढल्या होत्या.

“०.०९ म्हणजे काय, ते तुझ्या शब्दांत सांग,” मी म्हटले.

“म्हणजे माझा रिसर्च फेल गेला.”

“हे पुस्तकात लिहिलंय?”

बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “नाही. पुस्तकात आहे की प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात नऊ.”

व्याख्या तिला चोख येत होती. विषय येत नसता, तर मी तिला चांगल्या शिक्षकाकडे पाठवले असते. अडचण होती ती त्या आकड्यापाशी पोहोचताच मनात उमटणाऱ्या वाक्याची: ‘सार्थक निष्कर्ष यायलाच हवा होता, आला नाही, म्हणजे मी या क्षेत्राच्या लायकीची नाही.’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ विचारसरणी माझ्या कामाचा कणा आहे, आणि तिचे सांगणे हेच की घटना आणि आपली अवस्था यांच्यामध्ये आपली एक हट्टी मागणी उभी असते. ०.०९ ने कोणाची झोप उडत नाही. ‘यायलाच हवे होते’ याने उडते. फॉर्म काढून टाकण्याचा मोहही त्याच मागणीच्या पोटी येतो. तो मोह एकट्या मधुराचा नव्हे: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निष्कर्ष होते, फेरतपासणीत ते केवळ ३६ टक्क्यांत मिळाले. सार्थकच हवे हा आग्रह साऱ्या विद्याशाखेला केवढ्याला पडला, हे त्यावरून दिसते.

पुढच्या काही भेटींत आम्ही ‘मला संख्याशास्त्र जमणार नाही’ हे तिचे वाक्य एक परिकल्पना म्हणून समोर ठेवले. “पुरावा काय?” या माझ्या प्रश्नावर तिने शाळेत फळ्यासमोर झालेला अपमान, दहावीचे गुण आणि पहिल्या सत्रातील एक चाचणी सांगितली. “आणि विरुद्ध बाजूचा पुरावा कुठाय? तू नमुना निवडताना एकाच बाजूची माणसं घेतलीस, तर तुझे गाईड काय म्हणतील?” ती हसली, पण ते तिला फक्त बुद्धीने पटले होते, हे मला दिसत होते.

बदल झाला तो मी अपेक्षिलेही नव्हते अशा वळणावर. एका भेटीत मी तिला आकडे बाजूला ठेवून त्या साठ स्त्रियांविषयी बोलायला सांगितले, आणि ती भरभरून बोलू लागली. “मॅडम, प्रवास करणाऱ्या सगळ्या बायका सारख्या नाहीत. वाशीची गाडी ठाण्यालाच सुटते, त्यामुळे ठाण्याला चढणारीला बसायला मिळतं. ती भाजी निवडते, झोप काढते. पुढे रबाळ्याला चढणारी उभी. आणि घरून काम करणाऱ्यांमध्ये जिची सासू मुलाला बघते तिचं वेगळं, जिला मीटिंगमध्ये मूल मांडीवर घ्यावं लागतं तिचं वेगळं. मी त्यांना एकाच गटात टाकलं, हे मला सारखं खुपतंय.”

मी तिला थांबवले. “तू आत्ता जे बोललीस, त्याला तुझ्या पुस्तकात काय म्हणतात?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “गटांतर्गत विचरण. एकाच गटातल्या माणसांमाणसांमधला फरक.” आणि क्षणभराने, “म्हणून माझं प्रमाण विचलन सात आलंय! म्हणून फरक धूसर दिसतोय!” (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, याचे माप म्हणजे प्रमाण विचलन.)

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण थोडे येतात, आणि त्यांचा मला अभिमान वाटतो हे मी लपवणार नाही. ज्या मुलीला वाटत होते की माणसांवरचे प्रेम तिला संख्याशास्त्रापासून दूर नेत आहे, तिला त्या प्रेमानेच विचरण या कल्पनेच्या गाभ्यापर्यंत नेले होते. रबाळ्याला उभी राहणारी स्त्री आणि ठाण्याला बसणारी स्त्री सारखी नाही, हे ज्याला खुपते, त्याच्यात संशोधकाची दृष्टी असते. सूत्र त्या खुपण्याला मोजमाप देते. त्या दिवसापासून मी गणिताच्या भीतीने आलेल्या प्रत्येकाला प्रथम त्याच्या अभ्यासातील माणसांविषयी विचारते.

पुढचे काम तिने बरेचसे स्वतःच केले. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक असेल आणि तो ८० टक्के वेळा चाचणीत पकडला जावा असे वाटत असेल, तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. ३० जणांत ती शक्यता निम्म्याहूनही थोडी कमी राहते. जेकब कोहेन हे मानसशास्त्रज्ञ १९६२ पासून हेच सांगत होते. तेव्हा ०.०९ हा तिच्या लायकीचा निवाडा नव्हता, नमुना लहान होता एवढीच ती खूण असू शकत होती; फरक खरोखरच नसण्याची शक्यताही शिल्लक होती. तिने एकही फॉर्म न वगळता लिहिले की फरक ३.१ गुणांचा आहे, त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असावा असा अंदाज, उणे ०.५ ते ६.७ आहे आणि एवढ्या नमुन्यावरून कोणताही ठाम निष्कर्ष काढता येत नाही. मर्यादांच्या प्रकरणात तिने बसायला मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या स्त्रियांची नोंद वेगळी घ्यायला हवी होती, हेही मांडले. तोंडी परीक्षेत नेमका त्याच परिच्छेदावर प्रश्न आला, आणि ती न अडखळता बोलली.

आता या वाटेवर असलेल्यांसाठी काही सांगते. दहा जणांच्या गुणांची सरासरी आणि प्रमाण विचलन एकदा तरी वही-पेनाने काढा. संगणकावर थेट बटण दाबणाऱ्याला आकडा मिळतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. मग जमोवी किंवा जास्प ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही विनामूल्य आहेत. किती माणसांकडून माहिती घ्यायची, कोणती चाचणी लावायची आणि कोणता प्रतिसाद कोणत्या कारणाने वगळायचा, हे माहिती गोळा करण्यापूर्वी लिहून गाईडला दाखवा. नंतरचा मोह त्या कागदामुळेच आवरतो. पैसे घेऊन विश्लेषण करून देणाऱ्यांकडे जाऊ नका, कारण त्या प्रबंधातले एकही वाक्य तुम्हाला परीक्षकासमोर स्वतःचे म्हणून सांगता येणार नाही. आणि झोप, भूक, घराबाहेर पडणे यांवर काही आठवडे परिणाम होत असेल, तर तो अभ्यासाचा आळस समजू नका, मदत घ्या. पालकांनीही ‘एवढं काय त्यात’ म्हणून विषय संपवू नये.

ज्यांचा प्रवेश अजून व्हायचा आहे, त्यांनी दहावीच्या गुणांवरून निर्णय घेऊ नये. निकालानंतरच्या मोकळ्या दिवसांत ओळखीच्या वीस माणसांना झोपेचे तास आणि दिवसभराची मनःस्थिती विचारावी, दोन्ही आलेखावर मांडावे, आणि जी दोन-तीन माणसे सगळ्यांहून वेगळी दिसतील त्यांच्याशी जाऊन बोलावे. ते बोलणे संपू नये असे वाटले, तर अर्ज भरावा.