वाचकांचे प्रश्न : ओठ दिसले पाहिजेत, सोबतीचा माणूस आत गेला पाहिजे

कोरोनाच्या साथीमुळे बंद राहिलेल्या शाळांत ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे आणि शहरी भागात आठवीपासून पुढचे वर्ग पुन्हा भरू लागले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी दिव्यांग व्यक्तींच्या घरांतून आलेली तीन पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. त्याला जन्मापासून कमी ऐकू येते. तो कानाला यंत्र लावतो आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून समजून घेतो. त्याचे वडील यंत्रमागावर जातात. घरातल्या एकाच मोबाइलवर दीड वर्ष कसाबसा अभ्यास झाला. आता शाळा सुरू झाली, पण शिक्षकांच्या तोंडावर मास्क असल्यामुळे त्याला काही कळत नाही. साथ संपेपर्यंत त्याला घरीच ठेवा, असे शाळा सांगते. काय करावे? — एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, त्याला घरी ठेवू नका. २०२१ मध्ये शाळा पुन्हा भरल्या तेव्हा मुलाला वर्गात पाठवण्यासाठी पालकांची संमती घेतली जात होती, म्हणजेच निर्णय तुमचा होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून देणे आणि कर्णबधिर मुलाला त्याला समजेल अशा भाषेत व पद्धतीने शिकवणे हे शाळेचे कर्तव्य आहे. हे कलम साथीच्या काळात रजेवर जात नाही.

मात्र नुसते कलम दाखवून वर्गातली अडचण सुटणार नाही, म्हणून ती नीट समजून घेऊ. मास्कमुळे ओठ झाकले जातात हे सर्वांना दिसते, पण त्याच मास्कमुळे स, श, फ यांसारख्या वर्णांचे बारीक आवाजही दबतात आणि यंत्र लावूनसुद्धा मुलाला शब्द अर्धवटच ऐकू येतो. त्यामुळे शिक्षकांनी तोंडासमोर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेला मास्क वापरावा, अशी विनंती लेखी करा. असा मास्क शिवणकाम येणारी कोणतीही बाई शिवून देऊ शकते, आणि आतून साबणाचा पातळ हात फिरवून पुसला की तो वाफेने लवकर धूसर होत नाही. मुलाला पुढच्या बाकावर, उजेड शिक्षकांच्या चेहऱ्यावर पडेल अशा बाजूला बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळावे आणि धड्यातले नवे शब्द आदल्या दिवशीच त्याला लिहून द्यावेत. यांपैकी एकाही गोष्टीला वेगळा निधी लागत नाही.

दुसरी गोष्ट अनेक घरांत राहून गेली आहे. दीड वर्षात मुलाचा कान वाढला आहे आणि यंत्राचा कानात बसणारा साचा तोच जुना आहे. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी वाजवते, मूल कंटाळून ते काढून ठेवते आणि आपल्याला वाटते की त्याचे अभ्यासात लक्ष नाही. श्रवणतपासणी करून साचा बदलून घ्या. मास्कचे बंद कानामागे अडकवले तर मास्क काढताना यंत्रही निघून पडते, म्हणून त्याच्यासाठी डोक्यामागे बांधायचा मास्क घ्या. शिक्षण विभागाच्या गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या (दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत शिकवण्याच्या) विशेष शिक्षकांना शाळेत बोलावून घ्या. मुख्याध्यापकांशी तुमच्यापेक्षा त्यांनी बोललेले अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे, बौद्धिक दिव्यांगत्वही आहे, आणि मधूनमधून फिट येते. त्याचे सगळे ६८ वर्षांची आई करते. गेल्या वर्षी तापासाठी एका रुग्णालयात नेले, तेव्हा नातेवाईक नको म्हणून आईला बाहेर थांबवले. तो रात्रभर ओरडत राहिला, त्याने काहीच खाल्ले नाही. उद्या कोरोना झाला तर? — राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘नातेवाईक नको’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे, आणि त्या रात्री झालेला त्रास त्या चुकीतून आला आहे. जो माणूस स्वतःची तहान सांगू शकत नाही, त्याच्याजवळची आई ही भेटायला आलेली पाहुणी नसते, ती त्याच्या उपचाराचा भाग असते. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, दिव्यांग व्यक्तींना उपचारांत मागे न टाकता प्राधान्य द्यावे आणि विलगीकरणातही त्यांना वैयक्तिक साहाय्य मिळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. अधिनियमाच्या कलम २५ मध्येही उपचारांतील प्राधान्याची तरतूद आहे. या दोन्हींच्या प्रती घरात ठेवा.

त्याहून उपयोगाचा कागद मात्र तुम्ही स्वतः लिहायचा आहे. एका पानावर मोठ्या अक्षरात लिहा : तो हो आणि नाही कसे सांगतो, दुखले की काय करतो, कशाने घाबरतो, कोणत्या गोळ्या किती वाजता घेतो, फिट आली तर काय करायचे, आणि त्याला बसवूनच भरवावे लागते, कारण आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. रात्रपाळीच्या परिचारिकेला जाड फाइल वाचायला वेळ नसतो, पण हे पान ती नक्की वाचेल. फिटच्या गोळ्या एक दिवसही अचानक बंद होता कामा नयेत, म्हणून महिन्याचा साठा आधीच ठेवा.

धाप लागली हे तो सांगू शकणार नाही. तेव्हा खाणे सोडणे, नेहमीपेक्षा अस्वस्थ होणे किंवा उलट फार शांत पडून राहणे, यांवर लक्ष ठेवा. ऑक्सिमीटर लावताना त्याचा हात हलत असेल तर आकडा चुकतो. तो झोपलेला असताना मोजा, आणि आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना लगेच कळवा.

कोरोनाच्या लसीसाठी त्याला रांगेत नेण्याची गरज पडू नये. ज्यांना घराबाहेर नेणे शक्य नाही अशा दिव्यांगांना घरी जाऊन लस द्यावी, असे केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितले होते; तशी सोय आहे का, हे जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा आशा कार्यकर्तीकडे विचारा. आईची आणि तुमची लस त्याआधी झालेली असू द्या.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मला जास्त सतावतो : आईलाच बाधा झाली तर? त्याला भरवणे, उचलणे आणि त्याची स्वच्छता आईखेरीज आणखी एका माणसाच्या हाताला आजपासून सवयीची झाली पाहिजे. तो माणूस बहुधा तुम्हीच आहात. आठवड्यातले दोन दिवस आईला पूर्ण बाजूला बसवून सगळे तुम्ही करा. पहिले काही दिवस तो रागावेल, नंतर स्वीकारेल. खर्चाच्या दृष्टीने राष्ट्रीय न्यास या केंद्र शासनाच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेचा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा काढता येतो. सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक दिव्यांगत्व या दोन्हींचा त्यात समावेश आहे.

प्रश्न : जुलैच्या महापुरात आम्हाला निवारा केंद्रात हलवले. चाकाच्या खुर्चीवरच्या माझ्या मुलीला स्वच्छतागृहात जाता आले नाही, आणि त्या गर्दीत अंतर पाळणेही अशक्य होते. पुढच्या वेळी काय करावे? — शिरोळ तालुका

उत्तर : अधिनियमाच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची असते आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवायची असते. तुमच्या मुलीचे नाव त्या नोंदीत आहे का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारा. नसेल तर तिच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत जोडून अर्ज द्या, आणि तळमजल्यावरची खोली, उतार व कमोड असलेले निवारा केंद्र कोणते, हे ग्रामपंचायतीकडून आधीच ठरवून घ्या. साथ असताना तिला दाटीवाटीच्या हॉलऐवजी शाळेच्या एखाद्या वेगळ्या वर्गखोलीत ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करा. पंचगंगेला आणि कृष्णेला पाणी चढल्यावर हा अर्ज कोणी वाचणार नाही. तो दिवाळीपूर्वी द्या आणि पोच घ्या.