घरी सुटतं, समोर कोणी बसलं की अडतं

प्रश्न : दादा, मी अमळनेरचा. जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, पास होऊन वर्ष झालं. पुण्यात मित्रांच्या रूमवर सहा महिने काढले, पैसे संपले तसा घरी आलो, आता इथूनच ऑनलाइन इंटरव्ह्यू देतो. टेस्ट निघते, पण पुढचा राउंड, ज्यात समोरचा बघत बसतो आणि आपण कोड लिहायचा, तिथे सगळं ब्लँक. मागच्या आठवड्यात प्रश्न काय, तर आकड्यांच्या यादीत बेरीज १० होईल अशी जोडी शोधा. घरी दहा वेळा सोडवलाय हा! तिथे पाच मिनिटं नुसता कर्सर बघत बसलो. माझे तीनशे प्रश्न झालेत, अजून दोनशे करू का? पप्पा म्हणतात दुकानावर बस.

उत्तर : भाऊ, अजून दोनशे करू नको, झालेत त्यातलेच तीस परत कर, पण तोंडाने.

पाच मिनिटं कर्सर बघत बसलो म्हणतोस ना, म्हणजे पाच मिनिटं तू बोललाच नाहीस. मीही इंटरव्ह्यू घेतो म्हणून सांगतो, गप्प बसलेल्याला हिंट द्यायची इच्छा असली तरी देता येत नाही, कारण गाडी कुठे अडलीय तेच कळत नाही. तुझाच प्रश्न घे. आधी साधं उत्तर सांगून टाकायचं, की प्रत्येक आकडा बाकी सगळ्यांशी जोडून बघेन, पण यादी एक लाखाची असली तर जवळपास ५०० कोटी जोड्या होतात, म्हणून हे परवडणार नाही. मग मोठ्याने, हातात ७ आहे, मला ३ पाहिजे, ३ आधी येऊन गेला का? येऊन गेलेल्यांची नोंद ठेवली की झालं, तोच तुझा हॅशमॅप, एका फेरीत काम. आणि हो, आधी शोध मग नोंद, उलटं केलंस तर यादीत एकच ५ असला तरी तो स्वतःलाच सापडतो आणि ५ अधिक ५ दहा म्हणून मोकळा होतो! बरेच जण इथेच घसरतात. यादी रिकामी आली तर काय, तोच आकडा दोनदा असेल तर काय, हे कोड लिहायच्या आधी विचारून घे.

आता बोलायची प्रॅक्टिस. सुरुवातीला अहिराणीत बोल, काही बिघडत नाही, आधी विचार तोंडातून बाहेर पडू दे. आईला समोर बसव, तिला हॅशमॅप कळायची काही गरज नाही, तू गप्प झालास की "मंग?" एवढंच म्हणायला सांग. इंग्रजीचं म्हणशील तर या राउंडला लागणारी दहा-पंधरा वाक्यं असतात, ती आठवडाभरात बसतात.

चूक झाली तर लाजू नको. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तयार कोडच्या लायब्ररीतला बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेली यादी अर्धी-अर्धी करत शोधायची पद्धत, जोशुआ ब्लॉक या इंजिनिअरने लिहिलेला, त्यात यादीतली मधली जागा काढताना बेरीज ओव्हरफ्लो व्हायची, म्हणजे आकड्याच्या मर्यादेबाहेर जायची चूक होती आणि ती वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आली नाही, २००६ मध्ये त्याने स्वतःच जाहीरपणे लिहिलं. तू तर वर्षभराचा पोरगा. फक्त चूक दिसली की गुपचूप खोडू नको, "इथे माझं चुकलं" म्हण आणि दुरुस्त कर, आम्हाला तेच बघायचं असतं.

गावाकडचा म्हणून मागे पडतो असं वाटत असेल तर विप्रो १९४५ मध्ये तुझ्याच गावात सुरू झाली, वनस्पती तेलाची कंपनी म्हणून. त्याने तुला जोडी सापडणार नाही म्हणा, ते सोड.

दुकानाचं म्हणशील तर बस ना, संध्याकाळी चार तास बस. खिशात चार पैसे असले की माणूस इंटरव्ह्यूत कमी घाबरतो, हे मी स्वतःवरून सांगतो, पहिली नोकरी लागली तेव्हा मी ट्यूशन घेत होतो आणि त्याआधी सात ठिकाणी नापास झालो होतो. पप्पांशी बोलून सहा महिन्यांची मुदत ठरव, म्हणजे रोज "झालं का काही?" ऐकावं लागणार नाही.

आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेव, लाइटीचा भरवसा नाही, आणि पप्पांना कॅमेऱ्यामागे फेऱ्या मारू देऊ नको.