बागेतली शेती: एकराचा डोस वाफ्याला घालू नका

महिनाभरात माझ्याकडे आलेल्या शेतीच्या प्रश्नांतले निम्मे यंदा शेतातून आलेलेच नाहीत. वॉर्डातल्या बागेचा पडीक कोपरा मागून घ्यायचा आणि तिथे भाजीपाला लावायचा, असे गट नागपूर शहरात ठिकठिकाणी तयार झालेत. त्यातले बरेच जण काटोल, सावनेर, उमरेडकडून येऊन इथे स्थिरावलेले. त्यामुळे वाफा कसा ओढायचा, रोप किती दिवसांचं लावायचं, हे मी सांगत बसत नाही. अडचण उलटीच आहे. हात शेताचा आहे आणि जागा दिवाणाएवढी. त्यात कृषी केंद्रवाल्याकडे एकराचंच माप असतं, चमच्याचं नसतं. खालच्या उत्तरांत हे पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

प्रश्न: आमच्या बचत गटाला बागेत २० बाय ४० फुटांची जागा मिळते आहे. खणलं तर मलबा निघतो, वर हराळी माजली आहे. दुकानदार म्हणतो तणनाशक मारा आणि आठ दिवसांनी लावणी करा. मे महिन्यात सुरू करावं का? (मानेवाडा)

लावणी आता करू नका. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. पारा ४५ च्या पुढे गेल्यावर कोवळं रोप दिवसातून तीनदा पाणी देऊनही जगत नाही, जगलं तरी खुरटतं. मे महिना तयारीचा आहे आणि तयारीला यापेक्षा चांगला महिना नाही.

तणनाशक नको. बागेत मुलं गवतावर लोळतात, म्हातारी माणसं सकाळी अनवाणी चालतात. आणि आठ दिवसांत हराळी मरते, हे दुकानदाराला कोणी सांगितलं? वरून पिवळी पडते, कांड्या खाली जिवंत राहतात, पहिल्या पावसात परत हिरवी. आपल्याकडे ऊन फुकट आहे, ते वापरा. वीतभर खोल खणा, हराळीच्या कांड्या वेचून सिमेंटच्या वाटेवर वाळत टाका. मग जमीन सपाट करून चांगली भिजवा, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून पसरा आणि कडा चिखलाने दाबून बंद करा. प्लास्टिक काळं नको, पारदर्शकच हवं, ऊन आरपार मातीत गेलं पाहिजे. चार ते सहा आठवडे हात लावू नका. तणाचं बी, मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी यांचा जोर बराच ओसरतो. लव्हाळ्याच्या गाठी मात्र यालाही पुरून उरतात. त्या बसून वेचाव्याच लागतील, त्याला इलाज नाही.

मलबा निघतो म्हणजे जागा भरावाची आहे. खाली उतरू नका, वर चढा. विटांची कड लावून फूटभर उंच गादीवाफा करा. रुंदी साडेतीन-चार फूट ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. ट्रकवाला आणून टाकतो ती 'लाल माती' बहुतेक वेळा मुरूमच असते. मूठभर ओली करून दाबा. गोळा झालाच नाही तर परत पाठवा. गोळा इतका चिवट झाला की अंगठ्याने फुटेना, तर ती निव्वळ काळी भारी माती आहे. तिच्यात निम्मं पालापाचोळ्याचं खत मिसळल्याशिवाय पावसाळ्यात पाणी निथळणार नाही.

परवानगी लेखी घ्या. माळीबुवांनी मान डोलावली ती परवानगी नाही, पुढच्या महिन्यात माळीबुवा बदलतात. सावली येते म्हणून झाडाची फांदीही छाटू नका. १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्याखाली ते वृक्ष प्राधिकरणाला विचारूनच होतं. ऊन सहा तास नसेल तिथे धोपा (अळू), हळद, आलं लावा. वांग्याचा हट्ट धरू नका.

प्रश्न: आठ वांगी लावली. वाढ दिसेना म्हणून प्रत्येक झाडाला मूठभर युरिया दिला. पानांच्या कडा करपल्या. दुकानातून ह्युमिक, सूक्ष्म अन्नद्रव्य, एक टॉनिक आणि बुरशीनाशक दिलं आहे. कोणतं आधी मारू? (प्रतापनगर)

एकही नाही. चारही परत करा.

हा वाफा मी स्वतः पाहून आलो. बुडाशी युरियाचे पांढरे दाणे अजून तसेच होते, मातीवर मिठासारखी पापडी धरलेली आणि खालची पानं हातात घेतली की भाजलेल्या पापडासारखी मोडत होती. बिलाच्या मागे दुकानदाराने आपल्या हाताने चार औषधांची नावं लिहिली होती, शेजारी 'एक झाकण पंपाला'. कोणत्या बाटलीचं झाकण, ते लिहिलेलं नाही. झाड त्याने पाहिलेलं नाही. 'किती टाकला?' एवढा एकच प्रश्न त्याने विचारला असता तर एकही बाटली विकली गेली नसती. म्हणूनच तो विचारत नाही.

हिशेब एकदा मांडूच. वांग्याला हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन) धरतात. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरला १० ग्रॅम नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा युरिया झाला साधारण २२ ग्रॅम. दोन फुटांवर लावलेल्या आठ वांग्यांचा वाफा तीन चौरस मीटरचा. त्याला पूर्ण हंगामाचा युरिया ६५ ग्रॅम, तोही तीन वेळा विभागून, म्हणजे एका वेळी आठ झाडांत मिळून २० ते २२ ग्रॅम. मोठ्या माणसाच्या मुठीत चाळीसेक ग्रॅम सहज बसतो. आठ मुठी म्हणजे ३२० ग्रॅम. हंगामभराच्या पाचपट युरिया एका दिवसात, तोही मेच्या उन्हात. यात रोग कुठला आणि बुरशी कुठली? झाड खताने भाजलं आहे.

आता करायचं एवढंच. वरची पापडी खुरपून बाहेर फेका. सकाळी वाफा भरपूर भिजवा, खालून पाणी निघून जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच करा. मग दोन-तीन दिवस पाणी बंद. बुडाशी आच्छादन टाका. पंधरा दिवसांत नवा शेंडा फुटला तर झाड वाचलं. नाही फुटला तर उपटा, जुलैत नवं रोप लावा. महिनाभर कुठलंही खत नाही. टॉनिक हे खत नाही, औषधही नाही. भाजलेल्या झाडाला टॉनिक देऊ नका. आणि युरियाचं पोतं बागेत आणूच नका. किलोभराची पुडी तुमच्या चार वाफ्यांना तीन हंगाम पुरते, आणि गांडूळखत वेळच्या वेळी घातलं तर तीही लागत नाही.

प्रश्न: आच्छादन करा म्हणता, पण दुकानदार म्हणतो पालापाचोळ्याने उधई लागेल, आधी मातीत कीटकनाशक ओता. (जरीपटका)

उधई वाळलेलं खाते. आच्छादनाखाली ओल असेल तर ती तुमच्या जिवंत मिरचीच्या वाटेला सहसा जात नाही, कोरडं पडलं की जाते. म्हणजे इलाज पाणी आहे, बाटली नाही. भाजीच्या मातीत कीटकनाशक ओतून तीच भाजी नातवंडांना खाऊ घालणार आहात, हे एकदा मनाशी म्हणून बघा.

माझ्यापुरतं विचाराल तर बागेतल्या शेतीचा निम्मा जीव या पाचोळ्यात आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब, सागवान, वड पानं गाळतात. बागेत ढीग लागतात आणि सकाळी त्यांना काडी लावलेली दिसते. घनकचरा नियमांनी असा उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. भांडू नका. झाडणाऱ्या ताईंशी बोलून ठेवा, ढीग आपल्या कोपऱ्यात टाकायला सांगा. त्यांचा धूर वाचतो, तुमचं खत होतं.

अर्धा पाला आच्छादनाला आणि अर्धा खताला. खतासाठी तीन टोपली वाळला पाला, एक टोपली हिरवा काडीकचरा किंवा शेण, थरावर थर, वर पाणी शिंपडत चला. ढीग कमरेएवढा तरी हवा, लहान ढीग तापत नाही. पंधरा दिवसांनी एकदा पलटा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर. धार लागली तर सडेल, काहीच निघालं नाही तर वर्षभर पाला पालाच राहील. नीट सांभाळलं तर तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत हातात येतं. ताजं शेण थेट वाफ्यात घालू नका. त्याने मुळं तापतात, मुळं खाणारी हुमणी अळी येते, गोठ्यातलं तणही येतं.

आच्छादन चार बोटं जाड, खोडापासून तीन बोटं लांब. निलगिरीचा कच्चा पाला नको. पावसाची झड लागली की थर अर्धा करा, नाहीतर गोगलगायींना घर मिळतं. उन्हाळ्यात दुपारी एकदा आच्छादनाखाली बोट घालून बघा आणि शेजारच्या उघड्या मातीवर तेच बोट ठेवा. मग मला फोन करायची गरज पडणार नाही.

प्रश्न: भेंडीवर पांढरी माशी, मिरचीला बोकड्या (पानं आकसून मुरडली आहेत). जालीम औषध सांगा. (मानेवाडा)

जालीम औषध सार्वजनिक बागेत मारायचंच नाही. लाल किंवा पिवळा त्रिकोण, म्हणजे जास्त विषारीची खूण, असलेली बाटली फाटकाच्या आत आली नाही पाहिजे. २०१७ च्या खरिपात विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात गेले. ती तर कपाशी होती, तुम्ही सांभार (कोथिंबीर) आणि पालक खाणार आहात. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर फार वर्षांपासून बंदी आहे, तरी 'थोडं मारलं तर काय होतं' म्हणून हातात देणारे मी पाहिले आहेत. आणि दोन-तीन बाटल्या एका पंपात मिसळून देणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही.

दर आठवड्याला तोडायच्या भाजीला फवारणी आणि तोडणी यांच्यातले थांबायचे दिवस पाळताच येत नाहीत. मग ती फवारणी तिथे बसतच नाही. दुसरा हिशेब लागत नाही.

बोकड्या झालेली मिरची सुधारत नाही. पिवळ्या शिरांची भेंडीही सुधारत नाही. हा विषाणू आहे, माशी तो पसरवते. झाड दिसलं त्याच दिवशी उपटा, पिशवीत घालून बाहेर न्या. उरलेल्यांसाठी पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीवर लावा आणि ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. ५०० ग्रॅम निंबोळ्या कुटून संध्याकाळी पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्याने गाळा, २० ग्रॅम धुण्याची पावडर मिसळा, एकूण १० लिटर करा. फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालून, त्याच दिवशी. उरलेला उद्यासाठी ठेवू नका. कडक उन्हात मारलं तर पान भाजतं आणि मग तुम्ही म्हणता निंबोळी चालत नाही. निंबोळ्या जून-जुलैत बागेतच पडतात. सावलीत वाळवून पोत्यात ठेवा, वर्ष निघतं.

प्रश्न: टोमॅटोला फुलं भरपूर, फळ धरत नाही. फुलगळीचं संजीवक किती मिली? (प्रतापनगर)

शून्य मिली. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा, अशा वेळी टोमॅटोचा परागच निकामी होतो. बाटलीने नागपूरचा मे थंड होत नाही. उपटा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोप लावा, थंडीत खा. पुढच्या उन्हाळ्यासाठी ढेमस, गवार, भेंडी, बरबटी (चवळीच्या शेंगा) फेब्रुवारीतच पेरा.

प्रश्न: बागेमागच्या नाल्याचं पाणी मोटरने घेतलं तर? आणि अनुदान कोणतं मिळेल? (जरीपटका)

नाल्याचं पाणी नाही. सांभार, मुळा, पालक कच्चे किंवा अर्धे कच्चे खाल्ले जातात. बोअर किंवा नळ नसेल तर भाजी लावू नका, फुलं लावा. पाणी सकाळी आठच्या आत, बुडाशी, पानांवर नाही. दोन झाडांमध्ये रंग दिलेलं नव्हे, साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, वर झाकण. ते आपल्या अंगाने पाझरत राहतं.

अनुदान: ठिबकला सातबारा लागतो, बागेच्या जमिनीवर तुमचा सातबारा नाही, विषय संपला. माती तपासून घ्या, जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा आहे. नमुना झाडाखालचा किंवा खताच्या ढिगाजवळचा नको, चार-पाच ठिकाणचा मिसळून अर्धा किलो.

प्रश्न: तयार वांगी रात्रीतून चोरीला जातात. काटेरी तार लावावी का? (मानेवाडा)

जागा सार्वजनिक आहे, तार लावू देणार नाहीत आणि लावूही नका, मुलं खेळतात. वाटेच्या कडेला अंबाडी आणि चवळाई दाट लावा, 'हवी तेवढी खुडा' अशी पाटी लावा. वांगी आतल्या वाफ्यात, आणि दोन दिवस लवकर तोडा. कोवळी वांगी भरायला बरीही लागतात.