जर्मनीला येण्याआधी कोल्हापुरातच करून ये

भावा, तू विचारलंयस की शिवाजी विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालंय, जर्मनीत मेटाबोलोमिक्समध्ये (शरीरातले ग्लुकोजसारखे छोटे रेणू मोजायचं शास्त्र) पीएच.डी. करायचीय, तर मास स्पेक्ट्रोमीटरचा (रेणू वजनावरून ओळखणारं मशीन) महागडा कोर्स आधी करू का? नको करूस. मशीन इथं आल्यावर हाताखाली येतंच. माझ्या इंटरव्ह्यूचा बहुतेक वेळ "हा आकडा बरोबर आहे हे तुला कसं कळलं?" यातच गेला.

माझ्याकडं सांगायला एक फजिती होती. कोल्हापुरात असताना आम्ही पेशंट आणि निरोगी माणसांचा प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारं पाणी) तपासला. पेशंटचं लॅक्टेट (पेशी ग्लुकोज वापरताना बाहेर टाकतात तो रेणू) चांगलंच चढलेलं. शोध लागला म्हणून मिसळपार्टीसुद्धा झाली. मग कुणीतरी रजिस्टर चाळलं. निरोगी लोकांचं रक्त लॅबमध्येच काढून लगेच सेंट्रिफ्यूजला, म्हणजे गरागरा फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या मशीनला, गेलेलं. पेशंटच्या नळ्या मात्र दुचाकीवरून दोन-अडीच तासांनी यायच्या. नळीतल्या लाल पेशी जिवंतच असतात, ग्लुकोज खातात, लॅक्टेट सोडतात. नळीत आधीच घातलेलं ईडीटीए हे रसायन रक्त गोठू देत नाही, पण हे खाणं काही थांबवत नाही. बाहेर ठेवलेल्या नळीत तासाला साधारण 5 ते 7 टक्के ग्लुकोज कमी होतं. म्हणजे आम्ही आजार नव्हे, दाभोळकर कॉर्नरचं ट्रॅफिक मोजलं होतं!

इथं नळी लगेच बर्फात जाते, रक्त काढल्याची आणि फिरवल्याची वेळ लिहिली जाते. थंड मिथेनॉलनं प्रथिनं खाली बसवतात, त्यातच ड्युटेरियमवाली (जड हायड्रोजनवाली) इंटर्नल स्टँडर्ड्स, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या मापाचे ओळखीचे रेणू, घालतात. सगळ्या नमुन्यांतून थोडं थोडं घेऊन एक मिश्रण, म्हणजे पूल, करायचा आणि मशीनमध्ये दर आठ-दहा नमुने सोडल्यावर तोच चालवायचा. पूल एकच, तरी त्यात एखाद्या रेणूचा आकडा दर वेळी 30 टक्क्यांहून जास्त हलला, तर आम्ही तो रेणू यादीतून काढतो, कितीही लाडका असला तरी. पेशंट आणि निरोगी यांचा क्रमही चिठ्ठ्या टाकल्यासारखा मिसळायचा.

पगाराचं म्हणशील तर इथं पीएच.डी. बहुधा नोकरीच्या करारावर असते. घर शोधताना मात्र जर्मन लागतं, तेवढं आत्तापासून शीक.

आणि कोर्सच्या पैशांऐवजी हे कर: ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्वतःचं रक्त चार ईडीटीए नळ्यांत काढून घे. एक लगेच फिरव, बाकीच्या एक, दोन आणि चार तासांनी. चारहींचं ग्लुकोज त्यांच्याच अॅनालायझरवर मोज, आलेख काढ. प्राध्यापकांना पहिल्या मेललाच तो जोड. गुणपत्रिका मागितली तर दे.